हाताने भरलेले जुने बटवे, चंच्या, कुंच्या आणि शाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठांमधला एखादा वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. भांड्यांची वाटणी लगेच होते. तळाशी निघालेला जरीचा बटवा, आजीची शाल, कुणाच्या तरी बारशाची कुंची (बाळाचे डोके आणि पाठ झाकणारी टोपी) यांचे काय करायचे हे मात्र कुणालाच ठाऊक नसते. अशा वस्तूंबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना वस्तू समोर घ्या आणि आधी तिची उलटी बाजू बघा. निम्मी उत्तरे तिथेच मिळतात.

आमच्याकडचा बटवा पेशवेकालीन आहे असे घरात सांगतात. खरे असेल का?

असू शकेल, पण शक्यता कमी. पेशवाई १८१८ साली संपली. म्हणजे त्या बटव्याने दोनशेहून अधिक पावसाळे काढलेले असायला हवेत, आणि रोज कमरेला खोचलेले रेशीम इतके टिकत नाही. पुण्यातल्या घरांतून निघणाऱ्या भरतकामाच्या वस्तू बहुतेक वेळा १८८० ते १९४० या काळातल्या असतात. त्यात कमीपणा काही नाही, पण ‘पेशवेकालीन’ हे लेबल लावण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, रंग. भडक जांभळा किंवा मॅजेंटा दिसला तर काम १८५६ नंतरचे, कारण पहिला कृत्रिम जांभळा रंग त्या वर्षी तयार झाला आणि भारतीय बाजारात असे रंग त्याहून बरेच उशिरा रुळले. दुसरी, बंद. टिचबटण १८८५ च्या आधीचे असू शकत नाही आणि चेन विसाव्या शतकातली. तिसरी, टिकल्या. धातूची टिकली नखाने दाबली की वाकते आणि तशीच राहते. प्लॅस्टिकची परत उसळते. चौथी, अस्तराची शिलाई. मशीनची टीप असेल तर ते अस्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे.

इथे एक सावधगिरी हवी. अस्तर नवे म्हणून वस्तू नवी ठरत नाही. जुन्या बटव्याला नातीने नवे अस्तर आणि नवी नाडी लावणे ही अगदी रोजची गोष्ट होती. म्हणून निकाल वरच्या भरतकामावरून द्यायचा.

एवढ्याशा कापडी वस्तूंना इतका मान कशामुळे?

दरबारात मान पैशाने मोजत तसा कापडानेही मोजत. पेशवेपदावर बसणाऱ्याला साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे यावी लागत. ती आल्याशिवाय नेमणूक पुरी होत नसे. सवाई माधवराव १७७४ साली जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांचे असताना त्यांच्यासाठी पुरंदरावर पेशवाईची वस्त्रे आली. तान्ह्या मुलाला ती वस्त्रे काय कामाची, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा, कारण त्या कापडात अधिकार होता.

त्याखालच्या पायऱ्याही कापडानेच दाखवल्या जात. सरदाराला पोशाख, शिरपेच, शेला; शास्त्रीपंडितांना शालजोडी; कारकुनाला साधे पागोटे. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात, म्हणजे मोकळ्या आवारात, दक्षिणा वाटली जाई. त्या दक्षिणेचा काही भाग पुढे इंग्रजांनी १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू केलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. आज सभेत शाल आणि श्रीफळ देतात ते याच रिवाजाचे स्वस्त रूप आहे, आणि त्या शालीचा पोतही बहुधा तसाच असतो.

भरलेली वस्तू साध्या वस्तूहून वरची ठरे याला दोन कारणे होती. जरीत खरी चांदी असे, म्हणजे माणूस अंगावर पुंजी बाळगून फिरे. आणि हातभर कामाला कारागिराचे कित्येक दिवस जात. दुसऱ्याचे इतके दिवस विकत घेण्याची ऐपत सगळ्यांना नसते.

कोण काय वापरत असे?

धोतराला खिसा नाही, लुगड्याला नाही. नाणी कनवटीला, बाकी सगळे बटव्यात किंवा चंचीत. बटवा म्हणजे नाडी ओढून तोंड बंद होणारी पिशवी. चंची म्हणजे आत तीन ते पाच कप्पे असलेली लांब पट्टी, जी गुंडाळून वर दोरी फिरवतात: पाने, कातरलेली सुपारी, कात, लवंगा, चुन्याची डबी आणि जागा उरली तर अडकित्ता. शेतकऱ्याची चंची जाड सुती कापडाची आणि साध्या धावदोऱ्याची. सावकाराची मखमली, कडेला कलाबतू (जरीचा धागा) आणि दोरीच्या टोकाला रेशमी गोंडे. गोंडे भरणारे करत नसत. ते पटवेकऱ्याचे काम, जो दागिनेही गाठवून देई. गोंड्याची गाठ वेगळ्या हाताची दिसते ती यामुळे.

जपाची माळ आत ठेवून हात घालायची गोमुखी ही ब्राह्मणी घरातली वस्तू. ती बहुधा घरच्या बाईने भरलेली असते आणि क्वचितच जरीची. सारीपाटाचा कापडी पट, चढाव जोड्यांची वरची बाजू, पंख्याची झालर यांवरही भरतकाम असे. बटवा कमरेला लटकत राही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत. गोमुखी देवघराबाहेर सहसा पडत नसे. दोन्हींवरच्या खर्चातला फरक इथूनच येतो.

हे काम करत कोण होते? वस्तूवर नाव का नसते?

दोन वेगळे हात होते. जरीचे काम पेशाने करणारे कारागीर अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून बसत. एका अड्ड्यावर अनेक जण बसत, त्यामुळे एकाच शेल्याचा पदर दोनतीन हातांचा असणे नेहमीचे. नाव मालाच्या मालकाचे, हातांचे नाही. जरीची तार बनवणारे पुण्यातही होते आणि त्यांच्यातही विभागणी होती: चांदीची लगड करणारा वेगळा, तार ओढणारा वेगळा, ती चापट करणारा वेगळा आणि रेशमावर गुंडाळणारा वेगळा.

दुसरा हात घरातल्या बायकांचा. कुंची, टोपडे, रुमाल, रुखवतातली ताटावरची झाकणे हे सगळे त्यांचे. रुखवत मांडायचे ते मुलीच्या हाताला वळण आहे हे सासरच्यांनी बघावे म्हणून. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांतून लोकरीचे भरतकाम आले. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सुरू केलेल्या पुणे सेवासदनासारख्या संस्थांतून शिवण आणि भरतकाम हे बाईच्या कमाईचे साधन झाले. या काळातल्या रुमालांवर मात्र नावे, आद्याक्षरे, कधी सालही भरलेले सापडते. तुमच्याकडे असा रुमाल असेल तर तो जरीच्या बटव्याहून अभ्यासकाच्या जास्त उपयोगाचा आहे, हे लक्षात असू द्या.

जर विणलेली आहे की भरलेली, हे कसे ओळखायचे?

कापड उलटे करा. विणलेल्या कामात जर ताण्याबाण्याचाच भाग असते. पैठणीच्या पदरात रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवलेले असतात आणि नक्षी दोन्हीकडून जवळपास सारखी दिसते. किनखाबात, म्हणजे जरीने विणलेल्या जाड रेशमी कापडात, मागे लांब सुटे धागे आडवे पळतात. भरलेल्या कामात मूळ कापड नक्षीखालून अखंड जाते, आणि मागे जर दिसतच नाही. दिसतात ते जर बांधून ठेवणाऱ्या बारीक रेशमाचे किंवा सुताचे ठिपके. जर महाग, म्हणून ती मागच्या बाजूला वाया घालवत नसत. मागे भरपूर जर दिसली तर ते मशीनचे किंवा अगदी नवशिक्याचे काम समजा.

आणि मशीनचे काम कसे ओळखू येते?

मागे दुसराच दोरा, बहुधा पांढरा आणि सगळीकडे एकसारखा, म्हणजे मशीन. हाताच्या कामात मागे गाठी, एका पानावरून दुसऱ्या पानावर मारलेल्या उड्या आणि धागा संपल्याच्या शेपट्या असतात. टाक्याचा तिरकसपणाही जागोजागी बदलतो.

फसवते ती साखळी. साखळी टाक्याची हाताने चालवायची मशीन १८६० च्या दशकापासून आहेत, आणि त्यांचे काम आरीच्या, म्हणजे आकडीच्या सुईने केलेल्या, कामासारखेच दिसते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि वळणावर बघा. आरीवाला वळणावर टाका आखूड करतो. मशीनचा टाका वळणावरही तितकाच लांब राहतो आणि गोलाई किंचित कोनाकोनाची होते.

जरकामातल्या वेगवेगळ्या भागांना काय म्हणतात?

दुरुस्तीला देताना हे शब्द लागतात, नाहीतर कारागीर हाताशी असेल ते लावून मोकळा होतो. कलाबतू म्हणजे रेशमावर चापट तार गुंडाळलेला धागा. तो कापडातून ओवत नाहीत. वर मांडून दर दोनतीन मिलिमीटरवर बारीक टाक्याने बांधतात. बादला म्हणजे नुसती चापट तार. सलमा आणि दबका ही स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोकळ तार: हवे तेवढे तुकडे कापायचे आणि मण्यासारखे सुईत ओवायचे. गिजाई ही पीळ दिलेली कडक तार, कडा रेखायला. टिकली सगळ्यांना माहीत आहे. फुलाचा उठाव आला असेल तर आत सुताचा किंवा पुठ्ठ्याचा भराव असतो, आणि तो पुठ्ठा पाण्याने फुगतो. धुण्याच्या प्रश्नाकडे वळाल तेव्हा हे आठवा.

जर काळी पडली आहे. म्हणजे खोटी ना?

उलट. हा गैरसमज फार महाग पडतो. खऱ्या जरीत वजनाने निम्म्याच्या आसपास चांदी असते, साधारण पाव हिस्सा रेशीम आणि सोने एक टक्क्याहूनही कमी, नुसता वरचा मुलामा. मुलामा झिजला की खालची चांदी हवेतल्या गंधकाशी संयोग पावते आणि काळी होते. लोकर, रबर, काही रंग आणि गॅसचा धूर यांतून गंधक येते. तांब्याची जर हिरवट पडते, विशेषतः घाम किंवा तेल लागलेल्या जागी. प्लॅस्टिकची जर काळीही पडत नाही आणि हिरवीही नाही. तिचा रंग सोलून पांढरा पडदा उरतो.

खात्री करायची तर मागच्या शेपटीतून सेंटिमीटरभर सुटा धागा घ्या, वस्तूला हात लावू नका. तार नखाने उलगडा आणि आतला गाभा बघा: सोनेरी जरीत पिवळे किंवा नारिंगी रेशीम, रुपेरीत पांढरे. गाभा चिमट्यात धरून जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते, कृत्रिम धाग्याचा कडक मणी होतो. लोहचुंबकाची चाचणी निरुपयोगी, कारण चांदी चिकटत नाही तसे तांबेही चिकटत नाही. सराफाकडच्या कॅरेट मशीनवर धरले तर चांदी आहे का एवढे कळेल. सोन्याचा आकडा मनावर घेऊ नका, कारण यंत्र पातळ मुलाम्यासकट खालचा धातू एकत्र वाचते.

नक्षीतला काळा दोराच तेवढा गळून गेला आहे. कसर लागली का?

बहुधा नाही. जुना काळा आणि गडद तपकिरी रंग लोखंडाच्या क्षाराने पक्का करत, आणि तोच क्षार धागा आतून कुजवतो. पाकळ्या जागेवर आणि बाहेरची रेघ नाहीशी, असे दिसले तर कारण हे. कसर रंग बघून खात नाही. तिची भोके वेडीवाकडी असतात आणि आजूबाजूला भुसा किंवा जाळे सापडते. रेशमी अस्तर उभ्या रेघांत फाटत असेल तर तिसरेच कारण: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वजन वाढवायला रेशमाला कथलाचे क्षार देत, ते रेशीम आता हात लावताच तडकते. हे दोन्ही थांबवता येत नाही, फक्त हाताळणी कमी करून लांबवता येते. गळलेला काळा दोरा नव्याने भरू नका. उरलेल्या खुणा जातील.

कुंची तर बाळाची. तिच्यावरून ऐपत कशी कळणार?

चांगलीच कळते. बाळंतविड्यात आजोळहून टोपडे, अंगडे, दुपटे, लाळेरे आणि कुंची येते, म्हणजे ती आईच्या माहेरची पत सांगते. इरकली किंवा खणाच्या कुंचीवर कशिदा असेल तर ती सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा पलीकडच्या धारवाड भागाकडची असण्याचा संभव जास्त. त्या कशिद्यात छापा काढत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाके घालतात. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार प्रकार. गवंतीत जाताना धावदोरा आणि येताना मधल्या जागा भरायच्या, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या आणि गाठ कुठेच नाही. रथ, गोपूर, हत्ती, तुळशीवृंदावन यांत एका धाग्याची चूक झाली की पुढची सगळी नक्षी सरकते, म्हणून उलगडून परत भरण्याला पर्याय नसतो. अशा कुंचीत पैसा कमी आणि वेळ जास्त असतो. पेठेतल्या श्रीमंत घरची कुंची याच्या उलट: किनखाबी कापड, कडेला विकतची जर आणि भरतकाम बेताचे.

घरात एका आजीच्या वस्तू अगदी साध्या आहेत आणि तिच्या जावेच्या भरगच्च. असे का?

साध्या वस्तूंची मालकीण लहान वयात विधवा झाली होती का, ते आधी विचारा. खणाची चोळी, जर, रंगीत भरतकाम हे सगळे तिच्या वाट्यातून काढून घेतले जाई आणि आलवण, म्हणजे विधवेचे साधे लाल लुगडे, अंगावर येई. पेटीत तिच्या नावची एकही भरलेली वस्तू नसणे हाही पुरावा आहे. यादी करताना तो लिहून ठेवा.

आमची शाल कानी की अमली?

कानी विणलेली, अमली सुईने भरलेली. कानीच्या मागे रंगाच्या सीमेवर बारीक उंचवट्याच्या रेघा लागतात. अमलीत शालीचे विणकाम नक्षीखालून सरळ जाते आणि टाके त्यावर बसलेले दिसतात. काश्मीरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमलीने जोर धरला, कारण कानीची एक शाल मागावर महिनोन्‌महिने अडकून पडे आणि तिच्यावर जबर करही होता. त्यामुळे पहिल्या बाजीरावांच्या काळची म्हणून कुणी भरलेली काश्मिरी शाल दाखवली तर हसून पुढे जावे. काही शालींत दोन्ही असते: विणलेल्या नक्षीची रेघ सुईने ठळक केलेली. तो खोटेपणा नव्हे, रिवाजच होता.

कॅम्पातल्या पारशी घरांतल्या गाऱ्यांचे काय?

गारा ही साडी, पण तिच्याच कामाच्या कोरी (साडीला लावायचे भरलेले काठ), झबली आणि टोप्याही सापडतात. पारशी व्यापारी एकोणिसाव्या शतकात कँटनशी व्यापार करत आणि तिथून भरलेले रेशीम आणत. सारस, कोंबडे, पॅगोडे, मोठी फुले. पांढऱ्या किंवा फिक्या रेशमाने गडद जांभळ्या, काळ्या किंवा लाल कापडावर. बारीक गाठींनी भरलेल्या पाकळ्या दिसल्या तर भिंगाखाली मोजा. गाठी जितक्या लहान आणि सारख्या तितके काम वरच्या दर्जाचे. साडी झिजली की कोर उसवून दुसऱ्या साडीला लावत. म्हणून कोर आणि साडी यांचे वय वेगळे असू शकते.

भरतकामावरून दर्जा ठरवणे ही फक्त आपल्याकडची रीत होती का?

नाही. चीनमध्ये १३९१ पासून अधिकाऱ्यांच्या छातीवर भरलेला चौकोन असे, मुलकी अधिकाऱ्याला पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्याला प्राणी. सारस म्हणजे पहिल्या श्रेणीचा मुलकी अधिकारी. इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या १५७४ च्या फर्मानाने कोणी कोणते कापड आणि जर वापरायची ते ठरवले; असे निर्बंध १६०४ साली उठले. फ्रान्समधल्या उमरावांच्या जुगाराच्या मखमली थैल्यांच्या तळाला घराण्याचे चिन्ह भरलेले असे. आणि गोऱ्या फौजेच्या गणवेशावरचे बिल्ले भरायला आपल्याकडचेच जरदोजी तंत्र उपयोगी पडले. हाताने भरलेले बिल्ले आजही बनतात.

जुना बटवा धुवावा का? ड्रायक्लीन?

नको. दोन्ही नको. पाण्याने पुठ्ठ्याचा भराव फुगतो, लाल आणि काळा रंग पसरतो, अस्तर आणि वरचे कापड वेगवेगळे आटते आणि मागे लावलेली खळ सुटून जर सैल पडते. ड्रायक्लीनिंगच्या ढोलात टिकल्या एकमेकींवर घासतात. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितळेचे पॉलिश यांनी जर घटकाभर चमकते आणि मुलामा कायमचा जातो. पावडर टाक्यांत अडकून नंतर पांढरी दिसते ती वेगळीच.

करायचे एवढेच. मऊ ब्रशने धूळ सैल करा आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधून सर्वात कमी जोरावर, कापडापासून बोटभर अंतरावरून ती ओढून घ्या. लटकणारा टाका कापू नका. जुळत्या रंगाच्या एकेरी रेशमाने मागून एक टाका घालून तो जागेवर धरा.

पुण्याच्या पावसाळ्यात ठेवायचे कसे?

जुलै आणि ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. या वस्तूंना ४५ ते ५५ मानवते. म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळा, सर्वात खालचा कप्पाही टाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत वाफ धरते. दोनतीनदा धुऊन खळ काढलेले मांजरपाट घ्या आणि त्यात गुंडाळा. वर्तमानपत्र नको, शाई लागते आणि कागद आम्ल सोडतो.

जरीचे काम घडी करू नये, कारण तार घडीवर तुटते आणि तुटलेली तार रेशीम कापते. शेला किंवा शाल आठ ते दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यावर गुंडाळा, भरतकाम बाहेरच्या बाजूला. नळकांड्यावर आधी मांजरपाट चढवा. बटव्यात कापडाचा बोळा भरा म्हणजे तो बसका होणार नाही. घडी टाळता येतच नसेल तर घडीत कापडाची सुरळी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदला. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी होते तेव्हा सगळे बाहेर काढून सावलीत दोनतीन तास मोकळे ठेवा. उन्हात नाही.

कसर लागली तर?

डांबरगोळ्या कापडाला चिकटू देऊ नका, डाग पडतात. कडुलिंबाचा पालाही सरळ कापडावर नको, तो पिवळे डाग पाडतो; पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा. लागलेली कसर मारायला थंडी चांगली. वस्तू कापडात गुंडाळा, वर पॉलिथीनची पिशवी हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर दव जरीवर बसते. हस्तिदंत, लाकूड किंवा काचेचे मणी जोडलेल्या वस्तूंवर हा उपाय करू नका.

मूळ बटवा जपायचा आहे, वापरायला त्याची प्रतिकृती करता येईल का?

हाच सर्वात शहाणपणाचा मार्ग. तयार आकार १४ × १६ सेंटिमीटर धरू. टसर किंवा जाड रेशीम, त्याला मागून मलमल जोडून, ३५ सेंटिमीटरच्या चौकटीत ताणा. टिचकी मारल्यावर आवाज आला पाहिजे. आधी कापड कापून मग भरायला घेतले की कडा ओढल्या जातात आणि दोन बाजू जुळत नाहीत. म्हणून भरून झाल्यावरच १७ × २० सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा.

नक्षी कार्बन कागदाने उतरवू नका, रेघ जात नाही. कागदावर काढून सुईने टोचा आणि खडूची पूड कापडाच्या बोळ्याने फिरवा. नक्षी खालच्या शिवणीपासून अडीच सेंटिमीटर वर सुरू करा आणि कापडाच्या वरच्या कडेपासून सात सेंटिमीटर खाली संपवा, कारण गळ्याला चुण्या पडतात आणि चुणीत आलेली जर पहिल्या महिन्यात तुटते. सहा पदरी लडीतले दोन पदर घ्या, हाताएवढा म्हणजे ४५ सेंटिमीटर धागा. जरीचा धागा सुईत ओवायचाच असेल तर ३० च्या वर नको, गाभा उघडा पडतो. कलाबतू मांडताना दोन्ही टोके जाड सुईने मागे न्या, दीड सेंटिमीटर शेपूट ठेवा आणि ती मागच्या मलमलीला शिवा. शेपूट आखूड ठेवली तर टोक वर येते आणि साडीत अडकते.

अस्तर दोन मिलिमीटरने लहान कापा, नाहीतर आत गोळा होते. कापडाच्या वरच्या कडेपासून चार सेंटिमीटरवर दीड सेंटिमीटरचा नेफा, दोन्ही बाजूंना उघडा. ५५ सेंटिमीटरच्या दोन नाड्या, एक डावीकडून आणि एक उजवीकडून घातलेली. एकच नाडी घातली की तोंड एका बाजूला ओढले जाते. मणी, लेस, गोंड्यांचे रेशीम रविवार पेठेत मिळते. तयार गोंडा घेताना नाडीच्या जाडीला जुळवून घ्या, जड गोंडा नेफा फाडतो.

काचेच्या चौकटीत लावावे का?

लावा, पण काच कापडाला टेकता कामा नये. मध्ये किमान एक सेंटिमीटरची पट्टी हवी. डिंक किंवा चिकटपट्टी वापरू नका, धुतलेल्या सुती कापडावर कडेकडेने टाके घालून बसवा. खिडकीसमोरची आणि ओल येणारी भिंत टाळा. संग्रहालयात अशा कामावर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. वाचता येईल इतका उजेड म्हणजे या कापडाला जास्तच.

विकायचे असेल तर?

जुनी जर घेणाऱ्याला वजनावर देऊ नका. तो जाळून चांदी काढतो, आणि असल्या वस्तू आज इतक्या थोड्या उरल्या त्याचे मुख्य कारण हेच आहे. किंमत ठरते ती कामाची प्रत, स्थिती आणि वस्तूचा मागोवा यांवर. मागोवा म्हणजे कोणाची, कुठून आली, कोणत्या कार्यात वापरली. हे सुती पट्टीवर पेन्सिलीने लिहून कडेला दोन टाक्यांनी शिवा, आणि दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलीला आजीचा शेला पाठवण्याआधी एवढे बघा. भरतकामात हिरवे चमकते किड्यांचे पंख, हस्तिदंत किंवा पिसे असतील तर वन्यजीव कायद्याचाही प्रश्न येतो.

तुलनेसाठी खऱ्या जुन्या वस्तू कुठे बघायला मिळतील?

शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेला हा संग्रह मुळात रोजच्या वापरातल्या वस्तूंचा आहे, म्हणून तुमच्या पेटीतल्या वस्तूची भावंडे तिथे भेटण्याचा संभव जास्त. काश्मिरी शाली आणि दरबारी कापड बघायचे तर मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. जतनाच्या कामासाठी तिथे स्वतंत्र केंद्रही आहे. वस्तू खूपच नाजूक असेल तर सोबत नेऊ नका. आधी फोटो पाठवून विचारा, आणि उलट्या बाजूचा फोटो विसरू नका.